गोळीला फट चालते, पायरी चालत नाही: मॉड्युलर पिनबॉलच्या नोंदी

आम्ही तिघे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सहाशे चौरस फुटांचं शेड आहे, मूळ धंदा साखर कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलचं वायरिंग. कारखाने दुरुस्तीला निघतात तो आमचा हंगाम, गाळप सुरू झालं की आम्ही रिकामे. त्या रिकाम्या वेळात हे सुरू केलं: पेटी तीच ठेवून वरचा खेळ बदलता येईल असं पिनबॉलचं यंत्र. कुणी असलंच काही करायला घेतलं तर निदान आमच्या चुका तरी त्याने परत करू नयेत, म्हणून या नोंदी. प्लेफील्डला, म्हणजे गोळी पळते त्या फळीला, शेडमध्ये सगळे 'पाट' म्हणतात, इथेही तेच लिहितो.

20 नोव्हेंबर 2023

धुराडी पेटली, आम्ही मोकळे झालो.

लहानपणी जत्रेत खिळे ठोकलेलं बॅगाटेल मिळायचं. त्याच पाटाला वीज आणि फ्लिपर (बटण दाबलं की गोळी परत वर मारणाऱ्या दांड्या) जोडले की पिनबॉल. नव्या अमेरिकन यंत्राची किंमत तिथेच सात हजार डॉलरच्या घरात, वर जहाजाचं भाडं आणि ड्युटी. एवढं करून आणलं तरी वर्षभरात गेमझोनमधली पोरं त्याच खेळाला कंटाळतात. म्हणून पेटी एकच ठेवायची आणि वरचा पाट बदलायचा.

कल्पना आमची नाही. विल्यम्स कंपनीने 1999 मध्ये 'पिनबॉल 2000' काढलं, त्यात जुना पाट ओढून काढून दुसऱ्या खेळाचा घालता यायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने पिनबॉलचा धंदाच बंद केला. (हे वाचून भागीदार म्हणाला, "शकुन चांगला हाय की.") टेक्सासच्या मल्टिमॉर्फिकचं पी-3 अजून चालू आहे: वरचा भाग बदलता येतो, खालच्या भागात पडदा बसवलेला आणि गोळी त्या पडद्यावरून पळते. पडदा आम्हाला परवडणारा नाही, पण पाट कुठे कापायचा ते तिथूनच घेतलं.

मापं: पाट 20.25 इंच रुंद, 44 इंच लांब, उतार साडेसहा अंश. खालचे 16 इंच, म्हणजे फ्लिपर, स्लिंगशॉट (गोळी लागली की तिला उडवणारे रबर) आणि गोळ्यांची पन्हळ, पेटीत कायमचे. वरचे 28 इंच बदलते. गोळी 1 1/16 इंची, म्हणजे 27 मि.मी.ला किंचित कमी, वजन 80 ग्रॅम. ती बेअरिंगच्या दुकानातच मिळाली.

पहिल्या पाटाचा विषय 'आखाडा'. कुस्तीचं खासबाग मैदान गावात असताना दुसरं काय घेणार? पाडायचे टार्गेट म्हणजे पैलवान, रॅम्पवरचे तीन शॉट म्हणजे ढाक, घिस्सा आणि कलाजंग, ते ओळीने मारले की चितपट आणि गदा.

बजेट 3 लाख, मुदत सहा महिने. दोन्ही आकडे लिहून ठेवतो, पुढे लाज वाटायला बरे.

9 डिसेंबर 2023

वायरिंग हा आपला धंदा, म्हणून तिथून सुरुवात केली. हीच चूक. पॅनेलवाल्याच्या डोक्याने विचार केला: सगळे ड्रायव्हर (कॉइल आणि दिवे चालू-बंद करणारी सर्किटं) पेटीत एका मोठ्या बोर्डावर, तिथून वरच्या पाटावरच्या प्रत्येक कॉइलला (वीज दिली की आतला दांडा ओढणारी तारेची गुंडाळी), स्विचला आणि दिव्याला वेगळी तार. 11 कॉइल, 26 स्विच, दिवे, शिवाय ग्राउंड. सांध्यातून 78 तारा गेल्या, दोन मोठ्या कनेक्टरमधून.

पाट काढताना-घालताना दर वेळी एखादी पिन वाकायची. त्यावर कडी म्हणजे कॉइलच्या तारा आणि स्विचच्या तारा एकाच जुडग्यात बांधलेल्या. बंपर (गोळी लागली की तिला झटकून देणारा खांब) उडाला की शेजारचा स्विच आपोआप लागायचा आणि न मारलेल्या शॉटचे गुण मिळायचे. पोरगा खूश, आम्ही हैराण.

सगळं उपटलं. 14,200 रुपये आणि 19 दिवस गेले.

आता ड्रायव्हर बोर्ड त्या-त्या पाटाच्या पोटाशीच बसवतो. सांध्यातून फक्त 48 व्होल्ट, 12 व्होल्ट, दोघांचे ग्राउंड आणि बोर्डांचे निरोप नेणाऱ्या आरएस-485 च्या दोन तारा जातात. एकूण सहा. जाड तारांसाठी ई-रिक्षाच्या बॅटरीला लावतात तो 50 अँपिअरचा कनेक्टर, बाजारात कुठेही मिळतो, हजार वेळा काढघाल केली तरी काही होत नाही. वायरिंगचं काम तीन दिवसांत संपलं. मोठ्या कंपन्यांची हल्लीची यंत्रंही असंच करतात, ते आधी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

22 डिसेंबर 2023

फ्लिपरच्या कॉइल. बाहेरून मागवल्या तर एकीवर दीड-दोन हजार पडत होते, म्हणून शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्या मामांकडे गेलो. "मोटर सोडून हे काय खेळणं आणलंय, पावणं?" म्हणाले, पण चष्मा लावून नमुना अर्धा तास बघत बसले.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची साधारण साडेचार ओहमची: ती फ्लिपर फटकन उचलते. तिच्यातून दहा-अकरा अँपिअर जातात, पाचशे वॉट झाले, म्हणून ती फक्त 30-40 मिलिसेकंदांसाठी. वर बारीक तारेची दीडशे ओहमची: बटण दाबून धरलं की फ्लिपर वर धरून ठेवायला. हिच्यात 15 वॉटच. एकच गुंडाळी घेऊन प्रोसेसरने पल्स देत धरून ठेवणंही जमतं आणि स्वस्त पडतं. आम्ही ते टाळलं, कारण प्रोग्रॅम अडकला तर पाचशे वॉट चालू राहण्यापेक्षा पंधरा चालू राहिलेले बरे.

पहिल्या सहा कॉइल आल्या. फ्लिपर जोरात उचलायचा, क्षणभर थांबायचा आणि बटण दाबलेलं असतानाच खाली पडायचा. चार दिवस प्रोग्रॅममध्ये शोधलं. वेळ वाढवून बघितला, कमी करून बघितला. शेवटी मामांनाच बोलावलं. त्यांनी दोन्ही टोकं चाचपली आणि म्हणाले, "दुसरी गुंडाळी उलट्या दिशेनं फिरलीया." जाड गुंडाळी बंद होताना चुंबकत्व एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जायचं, मधे क्षणभर शून्य व्हायचं, तेवढ्यात प्लंजर (कॉइलमधला दांडा) सुटायचा. आणि बारीक गुंडाळीत त्याला लांबून परत ओढायची ताकद नाही. बारीक गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल केली. खर्च शून्य.

प्लंजर सरकतो ती आतली बाही पीव्हीसी कंड्युटच्या तुकड्याची केली होती. तीही मऊ पडली. नायलॉन रॉड लेथवर पोखरून घेतला, जागेवर 60 रुपयांना एक.

11 जानेवारी 2024

दोन्ही फ्लिपर एकदम दाबले की सगळं यंत्र बंद. 48 व्होल्टचा 350 वॉटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा), तो सात अँपिअरच्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला बंद पडतो. दोन फ्लिपर मागतात वीस-बावीस, पण डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ.

मोठा एसएमपीएस आणायचा बेत भागीदाराने हाणून पाडला, आणि बरंच झालं. 10,000 मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर समांतर लावले, 63 व्होल्टचे. आता त्या क्षणाचा उरलेला करंट ते देतात, व्होल्टेज दहा-बारा खाली येतं आणि लगेच सावरतं.

मग यंत्र चालूच होईना. रिकामे कपॅसिटर म्हणजे एसएमपीएसच्या दृष्टीने शॉर्टच, तो सुरू होऊन लगेच बंद व्हायचा. मधे एक रेझिस्टर आणि दोन सेकंदांनी त्याला बायपास करणारा रिले टाकला. पॅनेलच्या कामात हे आम्ही शंभर वेळा केलंय, तरी सुचायला दीड दिवस लागला.

करणाऱ्यांसाठी एकच: यंत्र बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर पहिल्या दिवसापासून लावा. माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला अर्ध्या चण्याएवढा खड्डा आहे.

24 जानेवारी 2024

एका बंपरच्या कॉइलवरचा डायोड उलटा जोडला गेला. मॉसफेट (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेला, फ्यूज गेला. 1एन4007 डायोडवरची पांढरी पट्टी प्लसकडे. तीस वर्षं वायरिंग करणाऱ्या माणसाकडून झालं, नाव लिहीत नाही.

18 फेब्रुवारी 2024

जळाल्याचा वास आला तेव्हा आम्ही समोर वडापाव खात होतो.

झालं असं: वरच्या पाटावरच्या बोर्डात नवा प्रोग्रॅम भरत होतो. भरताना प्रोसेसरच्या पिना मोकळ्या सुटतात, प्लसही नाहीत आणि मायनसही नाहीत. मॉसफेटच्या गेटवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर) तेवढ्यावर जमेल तो चार्ज जमला, बंपरची कॉइल चालू झाली आणि चालूच राहिली. बंपरला दोन गुंडाळ्या नसतात, एकच जाड. चार-पाच मिनिटांत कॉइलवरचा कागद काळा, बाही वितळून प्लंजरला चिकटलेली आणि नुकत्याच रंगवलेल्या आखाड्याच्या लाल मातीत तळहाताएवढा तपकिरी डाग.

तीन गोष्टी बदलल्या, तिन्ही आधीच हव्या होत्या. प्रत्येक गेटला दहा के ओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे, म्हणजे पिन सुटली तर मॉसफेट बंदच राहील. प्रत्येक कॉइलला स्वतःचा फ्यूज. आणि 48 व्होल्टवर एक मुख्य रिले: बोर्डांकडून दर अर्ध्या सेकंदाला 'मी जागा आहे' असा निरोप आला तरच तो लागलेला राहतो. प्रोग्रॅम भरताना 48 व्होल्ट बंद, हा नियम भिंतीवर लाल अक्षरांत.

शेडमालक धूर बघून आले. विचारलं, "मटक्याचं यंत्र न्हवं न्हवं हे?" म्हटलं, न्यूयॉर्कात 1942 पासून 1976 पर्यंत यावर बंदीच होती, जुगार म्हणून. मग एक जण कौन्सिलपुढे खेळला, गोळी कुठे जाणार ते आधी सांगून तिथेच मारून दाखवली, आणि बंदी उठली. ते म्हणाले, "मग तुम्ही मला मारून दाखवा." माझी गोळी सरळ मधून खाली गेली. भाडं मात्र वाढवलं नाही.

10 मार्च 2024

वरचा पाट पहिल्यांदा पेटीत नीट बसला. सुतारमेस्त्रींनी दोन दिवस पटाशी आणि पॉलिश पेपर घेऊन सांधा बसवला. नखाला लागत नाही इतका सपाट. गोळी वरून खाली आणि खालून वर मख्खन. रात्री साडेअकरापर्यंत खेळलो.

त्या दिवशी वहीत लिहिलं होतं: 'मेकॅनिकल काम संपलं.' तसंच ठेवतो.

17 मार्च 2024

पाट ओळखायची सोय. प्रत्येक पाटावर एक छोटी मेमरी चिप आहे, तिच्यात खेळाचं नाव आणि कॉइल-स्विचची यादी. पेटीतला संगणक ती वाचून त्या खेळाची फाइल उघडतो. खेळाचे नियम मिशन पिनबॉल फ्रेमवर्कवर लिहिलेत. फुकट आहे, मुक्त आहे, बहुतेक नियम साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतात. भाचीने दोन आठवड्यांत सगळं कुस्तीचं गुणांकन बसवलं, तिला कुस्तीतलं काही कळत नसताना.

अडचण एकच: चिप वाचताना मधेच कॉइल उडाली की कचरा यायचा आणि संगणकाला वाटायचं पाटच नाही. शील्डेड वायर, कपॅसिटर, सगळं करून झालं. उपाय साधा निघाला: चिप एकदाच वाचायची, 48 व्होल्ट लागण्याआधी. त्यानंतर तिला विचारायचंच नाही.

6 एप्रिल ते 19 मे 2024, चाचणी

ओळखीच्या एका गेमझोनमध्ये यंत्र ठेवलं. थोडक्यात:

दहा रुपयांचं नाणं. यंत्र पाचपैकी दोन नाणी परत टाकायचं. दहाच्या नाण्याची 14 डिझाइनं चलनात आहेत असं रिझर्व्ह बँकेनेच 2018 मध्ये सांगितलं होतं, आमच्या 2,300 रुपयांच्या यंत्राला त्यातली सगळी ओळखता येत नव्हती. टोकन केलं, काउंटरवर यूपीआय. प्रश्न मिटला.

पोरं यंत्र उचलून आपटतात. लटकणाऱ्या वजनाचा टिल्ट (यंत्र हलवलं की खेळ बंद करणारी सोय) पहिल्या दिवशी इतका नाजूक ठेवला की जोरात शिंकलं तरी खेळ बंद. तिसऱ्या दिवशी सैल केला तर एकाने यंत्र फूटभर सरकवलं. मधला अंदाज यायला आठवडा गेला, पायांखाली रबर लावले ते वेगळे.

पाटावरचं पीयू क्लिअर (पारदर्शक वार्निश) गाडी रंगवणाऱ्याकडून मारून घेतलं होतं. गोळीच्या माराने बारीक खड्डे पडले. पुढच्या वेळी चार कोट, दोन कोटांत एक दिवस आणि शेवटच्या कोटानंतर पंधरा दिवस हात नाही.

एकूण 4,117 खेळ झाले. सांध्याची एकही तक्रार नाही. दिवस कोरडे होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

14 जुलै 2024

जून संपेपर्यंत कारखान्यांचं काम होतं, यंत्राला हात नाही. आज गेमझोनमधून फोन आला: गोळी काचेला आपटते.

जाऊन बघितलं. पाऊस पंधरा दिवस लागून राहिलाय, पंचगंगा पात्राबाहेर आहे, भिंतींना ओल. वरचा पाट खालच्या पाटापेक्षा वर आलाय. मोजलं: 0.4 मि.मी. फ्लिपरने जोरात मारलेली गोळी त्या पायरीला लागते, उडते आणि टण्ण करून काचेवर. हळू आलेली गोळी बोटभर उडते आणि वाट सोडते, रॅम्पवर एकही शॉट जात नाही.

अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. मला आधी खरंच वाटेना. मग वर्तुळ काढून बघितलं: 27 मि.मी.ची गोळी 0.4 ची पायरी चढताना जवळजवळ चौदा अंशांचा चढ लागल्यासारखी वर फेकली जाते. नंतर कितीही सपाट असलं तरी ती हवेतच.

मेस्त्री म्हणाले, "फळी पावसात फुगत्या की ओ. तुम्ही दोन वेगळ्या फळ्या घेतलाय." खरं होतं. वरचा पाट साध्या आयएस 303 प्लायचा, खालचा शिल्लक पडलेल्या मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचा. दोन्हींवर 12 मि.मी. लिहिलेलं. आज मोजलं तर एक 12.4, दुसरा 11.9.

21 जुलै 2024

आठवडाभर वरवरचे उपाय केले. वरचा पाट घासून खाली घेतला: कडेचं चित्र गेलं. सांध्यावर पातळ स्टीलची पट्टी चिकटवली: गोळी तिच्या कडेला अडखळली. कड तिरकी घासली: वर जाताना बरं, खाली येताना तसंच. वैतागून एक दिवस काहीच केलं नाही.

28 जुलै 2024

आज जे कळलं ते आधी कळलं असतं तर सहा महिने वाचले असते.

आम्ही सगळा वेळ सांध्यातली फट मिटवायच्या मागे होतो. फट दिसते, डोळ्याला खुपते, म्हणून दोन्ही पाट दाबून चिकटवत होतो. आज मुद्दाम दोन पाट एका पातळीत ठेवून मधे फट सोडत गेलो. एक मि.मी. फट: गोळीला काही पत्ताच नाही. दोन मि.मी.: बारीक आवाज येतो, वाट बदलत नाही. हिशेब केला, एक मि.मी. फटीत एवढी मोठी गोळी एक शतांश मि.मी. सुद्धा बुडत नाही. उलट 0.2 ची पायरी ठेवली की लगेच उडी. शेडच्या भिंतीवर भागीदाराने खडूने लिहिलं: फट माफ, पायरी नाही.

मग पायरी येते कुठून? दोन्ही पाट खालून लोखंडी अँगलवर टेकवलेले. म्हणजे प्लायची जाडी जेवढी कमीजास्त, तेवढी वरची बाजू वर-खाली. गोळी वरच्या बाजूवरून पळते आणि आम्ही माप धरतोय खालच्या बाजूचं!

उपाय: पाट राउटरवर (लाकूड कोरायच्या यंत्रावर) उलटा टाकायचा, चित्राची बाजू खाली, सपाट टेबलाला टेकलेली. मग पाठीमागून कडेला खाच मारत जायची, वरच्या बाजूपासून नेमके 9 मि.मी. उरेपर्यंत. अँगलवर टेकते ती ही खाच. प्लाय 11.7 असो की 12.4, टेकायच्या जागेपासून वरपर्यंत 9 च. दोन्ही पाट एकाच आयएस 710 मरीन प्लायच्या एकाच शीटमधून, कडा इपॉक्सीने बंद, सांध्याच्या दोन्ही बाजूंना खालून 20 बाय 20 चा चौकोनी पाइप, म्हणजे मधे बाक येणार नाही. आणि फट मुद्दाम 1 मि.मी., फुगायला जागा.

प्लाय, राउटरचं जॉबवर्क, चित्र परत छापणं आणि क्लिअर मिळून 31,000. भर पावसात बसवलं. फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलं: पायरी 0.05 च्या आत.

18 ऑगस्ट 2024

दुसरी पेटी तयार. दुसरा पाटही: 'घाट', कोकणातून वर येणारा ट्रक, दाजीपूरच्या जंगलात गवे आडवे. पहिल्या पेटीत 'घाट' बसवायला घेतला.

बसेना.

'आखाडा' पहिल्या पेटीत बसतो, 'घाट' दुसऱ्या पेटीत बसतो. उलटापालट केली की एक पाट 0.9 मि.मी. डावीकडे, दुसऱ्याचा स्क्रू भोकावर येतच नाही. गोळी शूटरच्या (ती खेळात सोडतात त्या) वाटेतून वर जाताना कडेच्या भिंतीला घासते. मेस्त्रींनी प्रत्येक जोडी हाताने जुळवलेली, सुंदर जुळवलेली, आणि तेच नडलं. गिऱ्हाइकाकडे पाट पाठवायचा तर मेस्त्री सोबत पाठवायचे का?

दोन ठिकाणी पिन लावून दोन गोल भोकं ठेवली. भोकं घट्ट केली तर पाट आत जाईना, सैल केली तर डुलतो. मधलं काही सापडेना.

1 सप्टेंबर 2024

शेजारच्या फाउंड्रीत चहा प्यायला गेलो आणि उत्तर जमिनीवर पडलेलं दिसलं. मोल्डिंगच्या पेट्या, म्हणजे वाळूचा साचा धरणाऱ्या चौकटी. वरची पेटी खालच्या पेटीवर दिवसातून शेकडो वेळा बसते, कुठलीही कुठल्याहीवर, आणि सांधा चुकला तर कास्टिंगच भंगारात. आमचा सगळा प्रश्न हाच होता की!

पॅटर्नमेकरला (साच्याचे नमुने करणाऱ्याला) विचारलं. त्याने पेटी उलटी करून दाखवली. एका बाजूचा बुश (पिन जाते ती बाही) गोल, दुसऱ्या बाजूचा लांबट. "दोन्ही गोल केलं तर अडकणारच की. गोल भोक जागा धरतंय, लांबट भोक नुसतं वळू देत न्हाई. दोन पिनांतलं अंतर थोडं कमीजास्त झालं तर लांबट भोक ते पोटात घेतंय." चाळीस वर्षं हे तंत्र दहा पावलांवर होतं.

त्याच्याच ओळखीच्या जॉब शॉपमधून 10 मि.मी. जाडीच्या लोखंडी प्लेटची मास्टर करून घेतली, 11,500 रुपये. प्रत्येक पेटीचं आणि प्रत्येक पाटाचं भोक आता त्या मास्टरमधूनच पाडायचं, टेप लावून मोजायचं नाही. पिना आणि बुश फाउंड्रीचेच, कडक केलेले, जोडी 340 रुपयांना. मेस्त्री दोन दिवस रुसले. मग म्हणाले, मास्टर त्यांच्याच कपाटात राहील आणि किल्ली त्यांच्याकडे. राहू दे.

12 ऑक्टोबर 2024, दसरा

दोन पेट्या, दोन पाट, चारही जोड्या जुळल्या. पाट बदलायला सहा मिनिटं: काच काढणे, दोन क्लँप, कनेक्टर, उचलणे, दुसरा ठेवणे. वरचा पाट सगळ्या यंत्रणेसह 14 किलोचा, एकट्याने उचलता येतो पण पिनांवर बसवताना दुसरा माणूस हवा. आधी एकट्याने प्रयत्न केला, 'घाट'चा एक गवा मोडला.

मास्टरला झेंडूचा हार.

24 नोव्हेंबर 2024

एक वर्ष झालं. हिशेब विचारणाऱ्यांसाठी: आतापर्यंत 7 लाख 40 हजार गेले, 3 लाख धरले होते. त्यात वाया गेलेलं साधारण 1 लाख 60 हजार: पहिलं वायरिंग, जळालेला पाट, फुगलेला पाट, मास्टरच्या आधी पाडलेली सगळी भोकं. आमची मजुरी यात नाही, ती मोजायची हिंमत नाही. तिसऱ्या यंत्राचा माल 1 लाख 58 हजारांत बसतोय, नुसत्या पाटाचा 46 हजारांत.

जीएसटी नोंदणीसाठी सीएने 9504 हा एचएसएन (मालाचा कोड) शोधून दिला, त्यात पिनटेबल असा शब्द चक्क लिहिलेला आहे. एवढ्यावरही आमच्यातल्या एकाला फार बरं वाटलं.

गेमझोनने 'घाट' मागितलाय, 'आखाडा' परत घेऊन. पहिली खरी अदलाबदल, आमच्यापैकी कुणी न जाता, त्यांच्याच मुलाने फोनवर विचारत करायची. मंगळवारी ठरलंय.

डाव्या फ्लिपरचा बुश अजून करकरतोय. तेल घालू नका, धूळ धरतं. नायलॉन बदलून बघतो.